आखूड केसांच्या कुत्र्याची केसगळ : कारणे व व्यवस्था

भाताची मळणी उरकून खळी मोकळी झाली म्हणजे ठाणे जिल्ह्यात गावोगावी शेतकऱ्यांचे मेळावे भरू लागतात. अशा मेळाव्यांत विचारले जाणारे प्रश्न बहुधा खोडकिडीचे, वालावरील माव्याचे किंवा आंब्याच्या मोहोराचे असतात. परंतु अलीकडे मुरबाड, शहापूर व कल्याण ह्या तालुक्यांत एक निराळाच प्रश्न माझ्यापुढे वारंवार येऊ लागला आहे : "साहेब, कुत्र्याचे केस फार गळतात, काय मारावे?" ह्यातील 'काय मारावे' हे दोन शब्द ऐकून मला काळजी वाटली, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारणही तेच होय.

पिकावर औषध 'मारण्याची' ज्याच्या हातास सवय जडली आहे, तो कुत्र्याच्या अंगावरील उपद्रवासाठीही त्याच कपाटाकडे वळतो. हे स्वाभाविक असले तरी घातक आहे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी मुरबाड तालुक्यातील एका गावी तुडतुड्यांची पाहणी करण्यास गेलो असता एका शेतकरी बंधूने मला बांधावरून हाक मारून घरी नेले. ओटीवर लॅब्रॉडॉर जातीचा एक कुत्रा आडवा पडला होता. तोंडातून लाळेची धार लागली होती, अंगास कंप सुटला होता आणि डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. चौकशी करता कळले की कुत्रा मूळचा डोंबिवलीचा. धाकट्या भावाच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्याचे केस इतके गळत की जेवणाच्या ताटापासून लोकलने कामावर जाताना घालावयाच्या काळ्या पँटीपर्यंत ते सर्वत्र सापडत. अखेर कंटाळून धाकट्याने कुत्रा गावी थोरल्याकडे आणून सोडला. गावी केस गळावयाचे थांबले तर नाहीतच, उलट गोचिडांची भर पडली. तेव्हा थोरल्याने भातासाठी कालविलेल्या कीटकनाशकाचे उरलेले द्रावण गोणपाटाच्या बोळ्याने कुत्र्याच्या सर्वांगास चोपडले. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता व औषध सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय होते. हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून आम्ही कुत्र्यास साबणाच्या पाण्याने भराभर धुतले आणि बाटलीसह तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तेथे ॲट्रोपिनची इंजेक्शने मिळाल्याने तो वाचला. पुढे तो पुन्हा डोंबिवलीस गेला व अद्याप तेथेच आहे.

मुळात त्या कुत्र्यास काहीही झालेले नव्हते. त्याची केसगळ स्वाभाविक होती, आणि ती बेताची ठेवण्याचे उपाय घरातच होते.

केस गळतात ते का ?

आखूड केसांचा कुत्रा घेतला म्हणजे केसांचा उपद्रव कमी, असा एक समज शहरात रूढ आहे. वस्तुस्थिती बहुधा ह्याच्या उलट असते. प्रत्येक केस त्वचेतील एका लहानशा कूपिकेतून उगवतो. काही काळ तो वाढतो, मग वाढ थांबून तो मुळाशी विश्रांती घेत उभा राहतो, आणि खालून नवा केस येऊ लागला की जुना गळून पडतो. पूडलसारख्या कुरळ्या केसांच्या जातीत वाढीचा काळ फार लांब असतो. म्हणून तेथे केस वाढत राहतो, कापावा लागतो, पण गळतो थोडा. लॅब्रॉडॉर, बीगल, पग, डॅक्सहुंड, त्याचप्रमाणे आपला गावठी कुत्रा ह्यांच्या अंगावर वाढीचा काळ लहान असतो आणि पुष्कळसे केस कोणत्याही वेळी विश्रांतीच्या अवस्थेत, म्हणजेच गळण्याच्या वाटेवर असतात. शिवाय माणसाच्या एका कूपिकेतून साधारणतः एक केस निघतो, तर कुत्र्याच्या त्वचेतील एकाच छिद्रातून एक जाड व त्याच्या भोवती अनेक बारीक केस निघतात. लॅब्रॉडॉरच्या अंगावर तर वर राठ व खाली लोकरीसारखे मऊ असे केसांचे दोन थर असतात. आखूड केस ताठ असल्याने सुईप्रमाणे कापडात घुसतो आणि झटकून निघत नाही. लांब केसांचे गुंतून पुंजके होतात व ते उचलता येतात. आखूड केस अधिक गळल्यासारखे वाटतात ते पुष्कळ अंशी ह्यामुळेच.

केस गळण्याचा हंगाम मुख्यतः कशावर ठरतो, हे समजण्यास भातशेती करणाऱ्यास अडचण पडू नये. आपल्या जुन्या गरव्या भाताच्या जाती दिवस लहान होऊ लागल्याखेरीज निसवत नाहीत, मग पेरणी कितीही लवकर केलेली असो. कुत्र्याच्या केसांचेही असेच आहे. डोळ्यांवाटे मिळणाऱ्या उजेडाची वार्ता मेंदूतील पिनिअल ग्रंथीस पोचते, तिच्यातून स्रवणाऱ्या मेलाटोनिनचे प्रमाण रात्रीच्या लांबीनुसार कमीजास्त होते, व त्याचा परिणाम केसांच्या वाढीवर घडतो. थंडी व उन्हाळा ह्यांचाही वाटा असतो, पण तो दुय्यम होय. उत्तर युरोपात उन्हाळ्याचा व हिवाळ्याचा दिवस ह्यांत आठ तासांहून अधिक अंतर पडते, म्हणून तेथील कुत्रे वसंतात व शरदात एकदम केस टाकतात. ठाण्यास जूनअखेरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरचा सुमारे अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. त्यातही सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्यास रात्री अकरा वाजेपर्यंत विजेच्या दिव्यांचा उजेड मिळतो. सागाचे झाड एका हंगामात साऱ्या पानांनिशी उघडे पडते, आंबा मात्र थोडीथोडी जुनी पाने टाकीत सदैव हिरवा राहतो. आपल्याकडील घरगुती कुत्रा आंब्याच्या जातीचा समजावा. तो बारा महिने थोडेथोडे केस टाकतो आणि होळीच्या सुमारास व पावसाळ्याच्या अखेरीस ते प्रमाण पुष्कळदा वाढलेले दिसते. माजावर येऊन गेलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या कुत्रीचे केस काही आठवडे विशेष गळतात. त्यातही वावगे काही नाही.

तेव्हा केसगळ 'बंद' करणारे औषध जो कोणी विकत असेल, त्याच्यापासून दूर राहावे हे बरे.

गळ कोणती व रोग कोणता ?

स्वाभाविक गळीत अंगावर कोठेही टक्कल पडत नाही. केसांत बोटे घालून पाहिल्यास त्वचा स्वच्छ, लवचिक व विनादुर्गंधी असते. कुत्रा खातो, खेळतो, खाजवीत बसत नाही. ह्याहून निराळे काही आढळल्यास ते रोगाचे लक्षण समजावे. शेपटीच्या मुळाशी व कंबरेवर केस विरळ होऊन कुत्रा तेथे सारखा चावत असेल तर पिसवा पाहाव्यात. ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्र्याचे अंग झाडले असता काळे कण पडून त्यांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा होय. कानांच्या कडा, कोपर व घोटे येथे खवले धरून रात्रंदिवस खाज असेल तर ती खरूज. ती माणसासही लागते. वर्तुळाकार टक्कल व कडेला कोंडा हे गजकर्णाचे लक्षण. तेही माणसास, विशेषतः लहान मुलांस, लागते. पोरसवदा पिलाच्या डोळ्यांभोवती व पंजांवर खाजेविना टक्कल पडू लागल्यास डेमोडेक्स ह्या सूक्ष्म कोळीवर्गीय जीवाची शंका घ्यावी. ह्याचे निदान त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याविना होत नाही. उतारवयाच्या कुत्र्याच्या दोन्ही कुशींवर सारख्याच आकाराचे टक्कल पडून तो सुस्त व जाड होत असेल तर दोष त्वचेत नसून अंतःस्रावी ग्रंथींत असण्याचा संभव असतो व रक्त तपासावे लागते. ह्यांपैकी प्रत्येकास औषध निराळे आहे. एकाचे औषध दुसऱ्यास लावल्याने गुण तर येत नाहीच, पण खरे निदान करणेही अवघड होऊन बसते. तालुक्याच्या दवाखान्यात उलगडा न झाल्यास परळ येथे 1886 मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कल्याण-डोंबिवलीकरांस ते एका लोकलच्या अंतरावर आहे.

खरारा

निरोगी कुत्र्याच्या बाबतीत सर्वांत गुणकारी उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे खरारा. घोड्यास खरारा करावयाचा हे जसे ठरलेले, तद्वत कुत्र्यासही करावा. जो केस आज ना उद्या गळणारच आहे, तो सतरंजीवर गळण्यापूर्वी आपण होऊन काढून घ्यावयाचा, इतकेच त्याचे मर्म.

आखूड केसांसाठी लोखंडी दात्यांची फणी वापरू नये. तिने त्वचा ओरखडते. बोथट रबरी बोंडे असलेला ब्रश उत्तम. तो बाजारात थोडक्या किमतीत मिळतो व वर्षानुवर्षे टिकतो. कुत्र्यास गॅलरीत, जिन्याखाली वा अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर उभे करावे. मानेपासून आरंभ करून ब्रश हलक्या हाताने गोलगोल फिरवीत पुठ्ठ्याकडे यावे. असे केल्याने सुटे केस वर येतात. नंतर केसांच्या दिशेने मऊ ब्रश ओढून ते काढून घ्यावेत, व शेवटी पिळून घेतलेल्या ओलसर पंचाने सर्व अंग पुसावे. पोट, जांघा व कोपर येथे हाड वा नाजूक कातडी असल्याने जोर करू नये. एकंदरीत दहा मिनिटे पुरतात. आठवड्यातून तीन वेळा, आणि गळीच्या दिवसांत रोज, हा क्रम ठेवावा. केस 'उपटून' काढणारी धारदार पात्यांची जी महाग यंत्रे आज शहरातील दुकानांत दिसतात, ती दाट लोकरीच्या कुत्र्यांसाठी ठीक. आखूड केसांच्या कुत्र्यावर ती चालविल्यास चांगले केसही तुटतात.

वर ज्या डोंबिवलीच्या कुटुंबाचा उल्लेख केला, त्यांस मी हाच क्रम सांगितला होता. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रावर बोराएवढा नव्हे, चांगला नारळाएवढा पुंजका जमला आणि घरची मंडळी घाबरली. महिन्याभरात तो लिंबाएवढ्यावर आला. खरारा करताना कुत्र्याच्या सर्वांगावरून हात फिरतो, हा त्यातला दुसरा लाभ होय. कानामागील गोचीड किंवा पोटावरची लहानशी गाठ मालकास पहिल्याने सापडते ती अशीच.

उन्हाळ्यात कल्याण-मुरबाड पट्ट्यात पारा चाळीस अंशांच्या घरात गेला म्हणजे कुत्र्याची हजामत करण्याची टूम निघते. ती करू नये. आखूड केस हेच त्याचे उन्हापासूनचे पांघरूण आहे, आणि कुत्रा उष्णता टाकतो ती मुख्यतः धापा टाकून. भादरलेल्या अंगास ऊन भाजते, खुंट तरीही गळतातच व ते अधिक टोचतात. केस पूर्ववत येण्यास तीनचार महिने लागतात.

स्नान व पावसाळा

स्नान महिन्यातून एकदा पुरे. अधिक वेळा घातल्यास त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धांश धुपून ती कोरडी पडते, कोंडा होतो व केस अधिकच गळतात. जमिनीस जसा सामू असतो तसा त्वचेसही असतो. माणसाची त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ. यास्तव आपला साबण वा शांपू त्यास मानवत नाही, कुत्र्यासाठी केलेलाच वापरावा. पाण्यात फिनेल किंवा जंतुनाशक टाकण्याची चाल तर सर्वस्वी सोडून द्यावी. स्नानापूर्वी खरारा करावा. नंतर कोमट पाणी घेऊन, परसातील घोसाळ्याची वाळलेली जाळी भिजवून मऊ करून तिने अंग चोळावे, आणि फेसाचा अंश राहणार नाही असे भरपूर पाणी ओतावे. साबण राहून गेल्याने खाज सुटलेली कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत.

आमच्या भागात खरी कसोटी असते ती जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. हवा दमट, कपडे दोनदोन दिवस वाळत नाहीत, तेथे कुत्र्याच्या अंगावरील आतला थर कसा वाळावा ? अशा ओलीत त्वचेवर एरवी निरुपद्रवी असणारे किण्ववर्गीय बुरशीजीव माजतात, आंबूस वास येतो, पंजांच्या बेचक्या लाल होतात. पावसातून आल्याबरोबर कुत्र्यास जुन्या सुती धोतराने वा पंचाने खसखसून पुसावे, बेचक्या व कानांच्या पाळ्या कोरड्या कराव्यात, आणि त्यास फरशीवर न निजविता गोणपाटावर किंवा फळीवर पंख्याखाली निजवावे. पावसाळ्यात स्नान घालावयाचेच झाल्यास सकाळी घालावे.

आहार

केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. कुत्र्यास मिळणाऱ्या प्रथिनांपैकी चतुर्थांशाहून अधिक भाग त्वचा व केस ह्यांच्या जोपासनेत खर्च होतो असे समजतात. असे असता पुष्कळ घरी कुत्र्याचा आहार पाहावा तर वर्षानुवर्षे दूधपोळी किंवा आमटीभात ! ह्या आहाराने पोट भरते, परंतु केस निस्तेज व ठिसूळ होऊन अकाली गळतात. धान्यातील फायटेटमुळे जस्त शरीरास मिळत नाही आणि जस्ताच्या उणिवेने त्वचेवर पापुद्रे धरतात. पिकास जस्त कमी पडल्यास पाने कशी दिसतात, हे भात पिकविणाऱ्यास निराळे सांगावयास नको. भातपोळी थोडी व त्यासोबत उकडलेले अंडे, कोंबडीचे मांस, काटे काढलेली ताजी मासळी असा आहार असावा. शाकाहारी घरांत काम अधिक जिकिरीचे आहे. दही, पनीर व डाळी ह्यांवर भागविता येते, पण पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रमाण ठरवून घ्यावे, किंवा कुत्र्यासाठी तयार मिळणारे समतोल खाद्य द्यावे. अंडे कच्चे घालू नये; त्याच्या पांढऱ्या भागातील ॲव्हिडिन हे द्रव्य बायोटिन ह्या जीवनसत्त्वास जखडून ठेवते व बायोटिनविना केस झडतात. शिजविल्याने तो दोष जातो. सुकट व सुके बोंबील आपल्याकडे स्वस्त असले तरी खारवलेले असल्यास मिठाचे प्रमाण फार असते. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, मगच क्वचित द्यावेत.

केसांस तकाकी येते ती लिनोलिक आम्लामुळे, व ह्या आम्लाचा करडईच्या तेलासारखा साठा क्वचितच दुसरा असेल. दहा किलो वजनाच्या कुत्र्यास एक लहान चमचा करडईचे कच्चे तेल दिवसातून एकदा अन्नावर घालावे. जुलाब झाल्यास प्रमाण निम्मे करावे. फळ दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, कारण अंगावरचा जुना केस सुधारत नाही, नवा तेवढा चांगला येतो.

कांदा व लसूण घातलेली आमटी मात्र कुत्र्यास कधीही देऊ नये. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे, मनुका व चॉकलेट हीही वर्ज्य होत.

औषधांविषयी इशारा

शेतावर फवारावयाचे कोणतेही कीटकनाशक, कितीही पातळ केले तरी, कुत्र्याच्या अंगास लावू नये. कुत्रा अंग चाटतो, म्हणून कातडीवर लावलेले औषध पोटात जाते. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारी औषधेही मनाने लावू नयेत. प्रमाण वजनावर ठरते, आणि तीनशे किलोच्या म्हशीस जे सोसते ते बारा किलोच्या कुत्र्यास सोसेलच असे नाही. गुरांचे आयव्हरमेक्टिन टोचून कॉलीसारख्या जातीचे कुत्रे दगावतात, हे ध्यानात ठेवावे. खरजेवर मोटारीचे जळके ऑइल चोपडण्याचा प्रघात आमच्या साऱ्या पट्ट्यात आहे. ऑइलखाली किडा गुदमरत असेलही, परंतु त्यातील विषारी द्रव्ये चाटण्याने यकृत व मूत्रपिंड ह्यांत जातात आणि कोवळी कातडी भाजून निघते. रॉकेलचेही तसेच. कुत्र्यासाठीच तयार केलेल्या गोळ्या व मानेवर टाकावयाचे थेंब आज दवाखान्यांत मिळतात. पावसाळ्यात गोचिडांपासून रक्तातील ताप जडतो व त्यात कुत्रे मरतात. त्या खर्चापुढे ह्या गोळीचा खर्च अल्पच होय. कुत्र्यास दिलेले औषध मांजरास लावू नये, हेही येथेच नमूद करतो, कारण परमेथ्रिनने मांजर मरते.

विषबाधा झालीच तर हातांस मोजे वा पिशव्या घालून कुत्र्यास साध्या साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे, ओकारी काढण्याच्या भरीस न पडता बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. बाटली नेल्याने पशुवैद्याचा अमूल्य वेळ वाचतो.

घरातील केस

कोरड्या केरसुणीने केस उडतात व पुन्हा बसतात. ओल्या फडक्याने पुसावे किंवा रबरी हातमोजा ओला करून गादीवरून ओढावा, म्हणजे केस वळकट्या होऊन निघतात. कुत्र्यास एक जाड सुती चादर नेमून द्यावी व ती आठवड्यास गरम पाण्यात धुवावी. शिंका व दमा होतो तो केसामुळे नव्हे, तर कुत्र्याच्या कोंड्यात व लाळेत असलेल्या प्रथिनांमुळे. केस त्यांचे वाहन तेवढे असते. यास्तव घरात दमेकरी असल्यास खरारा घराबाहेर व दुसऱ्या कोणी करावा.

जिन्यातील केसांवरून शेजाऱ्यांत कुरबुर होते, ती पुष्कळदा रास्तही असते. आपला जिना आपण झाडावा. मात्र कुत्रा पाळण्यासच बंदी करण्याचा अधिकार गृहनिर्माण संस्थांस नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. आणि केसांस कंटाळून कुत्रा रस्त्यावर सोडून देणे, जेणेकरून तो उपासमारीने तळमळेल, हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. गावच्या भावाकडे पाठविणे हा गुन्हा नव्हे. पण पाठवावयाचेच तर खराऱ्याचा ब्रश व गोचिडांची गोळी सोबत पाठवावी.

खराऱ्यात निघालेल्या केसांचे काय करावे, असेही एका बाईंनी विचारले होते. केसांत नत्र विपुल असते, म्हणून ते कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा गॅलरीतील कुंडीच्या तळाशी घालण्यास हरकत नाही. केराटिन फार सावकाश कुजते. पुंजका तसाच न टाकता विस्कटून, शेण व ओल्या पालापाचोळ्याच्या थरात मिसळावा. अंगावर औषध टाकल्यापासून महिनाभराचे केस मात्र खतात न घालता कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावेत.